एक दशांश घोडा

दोन वर्षं आमच्या घरी एक दशांश घोडा होता.

म्हणजे घोडा अख्खाच होता. चार पाय, शेपूट, आयाळ, सगळं जागच्या जागी. पण मालकीच्या कागदावर दहा नावं होती आणि त्यातलं एक माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं होतं. आपल्या वाट्याला घोड्याचा नेमका कुठला भाग आलाय यावर घरात बरीच चर्चा झाली. अप्पांचं म्हणणं, कपाळ. कारण त्यावर पांढरा टिळा होता. सासूबाईंचं म्हणणं, पोट. कारण दर महिन्याला बिल त्याचंच येत होतं.

मी मूळची सांगलीची. चेन्नईला आले ती एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर म्हणून. तयार मालात दोष निघाला, तर तो कुणाच्या हातून आणि कसा शिरला हे शोधून काढायचं, हे माझं काम. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.) तिथे श्रीधर भेटला. आडनाव राव, घरची मंडळी तंजावरची मराठी. आई खूश झाली, एवढ्या लांब जाऊन पोरीने मराठीच मुलगा शोधला म्हणून. साखरपुड्याला अम्मा, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, आईशी अर्धा तास मनापासून मराठीत बोलल्या. त्या उठून गेल्यावर आईने मला हळूच विचारलं, "छान आहेत गं. पण काय म्हणाल्या?" त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली आणि तेव्हापासून तमिळच्या पंगतीला बसलेली. मला सवय व्हायला वर्ष गेलं.

अप्पा बँकेतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरायचे. भाजीवाल्याने कढीपत्ता फुकट दिला नाही तर भाजी परत करायचे. असा माणूस एका सकाळी इडली खाता खाता, चटणी मागावी तशा आवाजात म्हणाला, "एक घोडा घेतलाय."

अम्मांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कुठं ठेवाचं त्याला? बाल्कनींत?"

मग सगळं बाहेर आलं. अप्पा बाविसाव्या वर्षी तंजावरहून मद्रासला नोकरीला आले आणि तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये राहिले. (मॅन्शन म्हणजे राजवाडा नव्हे. एका खोलीत चार ब्रह्मचारी कोंबायची ती सोय.) त्याच खोलीत सुंदरम नावाचे त्यांचे मित्र होते. दोघं रविवारी गाडी पकडून गिंडीला जायचे आणि आत जायला पैसे नसल्यामुळे कुंपणाला चिकटून बाहेरूनच शर्यती बघायचे. तिथे अप्पांनी एकदा एक लठ्ठ गृहस्थ पाहिला. त्याचा घोडा जिंकला होता. जिंकलेल्या घोड्याला मालकाने स्वतः दोरी धरून आत आणायचं, मग फोटो काढायचा, अशी तिथली रीत. तो गृहस्थ दोरी धरून चालत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"माणसाच्या तोंडावर तेवढा आनंद मी पुन्हा पाहिलों नाही," अप्पा म्हणाले.

"आमच्या लग्नांत पण नाही की?" अम्मांनी विचारलं. अप्पांनी इडलीकडे लक्ष दिलं.

पुढे नोकरी, संसार, अण्णा नगरचा फ्लॅट. फ्लॅटमध्ये राहायला आले त्याच दिवशी अप्पांनी हॉलच्या भिंतीवर, सोफ्याच्या बरोबर वर, स्वतःच्या हाताने एक खिळा ठोकला होता. कशासाठी, ते कुणालाच सांगितलं नाही. अम्मांनी दुसऱ्या दिवशी त्यावर रोज पान फाडायचं कॅलेंडर लटकावलं, आणि खिळ्याने बत्तीस वर्षं राहुकाळ दाखवला. तो खिळा त्या फोटोसाठी होता, हे आम्हाला त्या इडलीच्या सकाळी कळलं.

"एकदाच दोरी धरून आत आणायचाय," अप्पा म्हणाले. "मग विकला तरी चालेल."

आता यावर कोण काय बोलणार? अम्मांनीसुद्धा खाली ठेवलेलं पातेलं पुन्हा उचललं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरंच आहे. हौसेचं बिल असतं, आणि ते दर महिन्याच्या पाच तारखेला येतं.

सुंदरममामांनी दहा निवृत्त मंडळी जमवली होती. नावावरून तीन बैठका झाल्या. देवाचं नाव नको (हरला तर देव हरेल), नेत्याचं नको (जिंकला तर भांडणं होतील). शेवटी दहाही जणांचं एकमत होईल अशी जगात एकच गोष्ट निघाली, आणि घोड्याचं नाव कागदोपत्री 'डिग्री कॉफी' (इथली दाट फिल्टर कॉफी) ठेवलं गेलं. रंगही तसाच होता म्हणा. अप्पा मात्र त्याला तंबी म्हणायचे, धाकट्या भावाला म्हणतात तसं. सख्ख्या धाकट्या भावाला ते 'तो' म्हणायचे.

आणि मग तंबीचे लाड सुरू झाले. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी नवे नाल; शर्यतीसाठी निराळे, हलके. (अप्पा स्वतः तीच चप्पल तिसऱ्यांदा शिवून आणत होते.) त्याला दातांचा डॉक्टर. त्याला पोहायला तलाव. त्याला जीवनसत्त्वं, त्याला माश्यांचा त्रास होऊ नये म्हणून पंखा. ट्रेनरचे पैसे वेगळे, घोड्याची निगा राखणाऱ्या सईसाचे वेगळे, जॉकीचे वेगळे. घोडा दहा जणांत घेतल्यामुळे स्वस्तात पडला होता. चार आण्याची कोंबडी म्हणतात ना, ती. बारा आण्याचा मसाला आम्ही दोन वर्षं वाटत होतो. पण खरा स्फोट झाला तो उन्हाळ्यात. चेन्नईत अग्निनक्षत्र, म्हणजे मे महिन्यातला ऐन उन्हाळा, तापायला लागलं आणि ट्रेनरचा निरोप आला की रिवाजाप्रमाणे घोडे उटीला हलवतोय, प्रवासखर्च पाठवावा.

अम्मांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या की अडतीस वर्षं त्या या माणसाबरोबर चेन्नईचा मे महिना काढतायत. दर वर्षी उटीचा विषय निघतो आणि दर वर्षी अप्पा सांगतात, पुढच्या वर्षी. घोड्याला घरात येऊन सहा महिने झाले नाहीत.

"त्याला ऊन बाधेल," अप्पा चाचरत म्हणाले, "तिकडं जाणं त्याचं कामच आहे गे." अम्मा त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत. फॅन मात्र पाचवर ठेवून बसल्या.

आता दहा मालक आणि दोरी एक. जिंकला तर धरायची कुणी? सुंदरममामांनी तोडगा काढला तो अगदी इथला. चेन्नईत भिशी म्हणा, चिट फंड म्हणा, सगळं चिठ्ठ्या उचलून चालतं, तशाच चिठ्ठ्या एका डब्यात घालून हलवल्या. पहिल्या शर्यतीला पहिल्या चिठ्ठीवाल्याचा हक्क, दुसरीला दुसऱ्याचा. ज्याच्या शर्यतीत घोडा हरेल, त्याचं नशीब, पाळी पुढच्याची. अप्पांची चिठ्ठी निघाली दहावी.

पहिल्या नऊ शर्यतींत तंबीने कुणावर अन्याय केला नाही. कधी सातवा, कधी नववा. एकदा शर्यत सुटायचं दार उघडल्यावर तो जागेवरच उभा राहिला आणि उरलेले घोडे लांब गेलेले बघत बसला. पाळी नसतानाही अप्पा दर शर्यतीला जायचे आणि दर वेळी तोच क्रीम रंगाचा कडक इस्त्रीचा शर्ट घालायचे, कारण कुणी आजारी पडलं तर पाळी पुढे सरकू शकते. नवव्या शर्यतीनंतर बैठक झाली. सात जणांनी हात वर केले. खर्च पुरे झाला, या मोसमात आणखी एक शर्यत आणि मग घोडा विकायचा. अप्पांनी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. घरी येऊन त्यांनी कॅलेंडरची पानं उचलून दिवाळीनंतरच्या रविवारावर टिचकी मारली. "घोडामैदान जवळच आहे," मी उगीच हसवायला म्हटलं. ते हसले नाहीत.

इथे मला दिवाळीच्या फराळाचं सांगायला हवं.

आमच्या घरी दिवाळीला अम्मा अतिरसम करतात. तांदूळ आणि गूळ, तेलात तळलेला, मऊ, गोड, गुळगुळीत. आणि मी करते अनारसे. तेही तांदूळ आणि गूळच, पण तीन दिवस भिजवलेले तांदूळ, मुरवलेलं पीठ आणि वर खसखस. माझ्या आईच्या मते खसखस न लावलेला अनारसा म्हणजे कुंकू न लावलेली सवाष्ण. लग्न झाल्यापासून आठ वर्षं दर दिवाळीत ही दोन ताटं शेजारी शेजारी ठेवली जात आणि दर दिवाळीत एक ताट रिकामं होई. दुसरं माझं असे. तसं तोंडावर कुणी वाईट बोलायचं नाही. श्रीधर म्हणायचा पोट भरलंय. अम्मा म्हणायच्या कसकसा दातांत अडकतो. (खसखशीला इकडे कसकसा म्हणतात.) चार वर्षं माझे अनारसे तेलात हसलेच, म्हणजे विरघळून गेले, तेव्हा प्रश्नच नव्हता. पण त्या वर्षी काय जमले होते! जाळी अशी पडलेली की पलीकडचं दिसावं. आणि खसखस लावताना मी हात आखडता घेत नाही. पाडव्याला डबा उघडला तर एकसुद्धा कमी झालेला नव्हता. मला खरंच वाईट वाटलं. आपण इथे आठ वर्षं राहतोय, पण आपल्या हातची एक वस्तू या घराने आपली म्हटली नाही, असलं काहीतरी मनात येऊन मी भांडी जरा जोरात घासली.

शनिवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, अप्पा तबेल्यात तंबीला भेटायला निघाले, तेव्हा मी बरोबर गेले. पिशवीत डबा होता. तबेल्याजवळच्या मैत्रिणीला देईन असं मी स्वतःला सांगितलं होतं. (तिथे माझी कुणीही मैत्रीण राहत नाही.)

तंबीचा सईस दुराई. पन्नाशीचा माणूस, दोन मुली शिकत होत्या, आणि स्वतः त्या घोड्याच्या पायाशी झोपायचा. त्याचा नियम कडक होता: गाजर सोडून कुणी काही द्यायचं नाही. अप्पा त्याच्यासाठी थर्मासमधून कॉफी न्यायचे. दोघं कॉफी घेत पलीकडे ट्रेनरशी बोलायला गेले. मी आणि तंबी उरलो. त्याने माझी पिशवी हुंगली. मी म्हटलं, बघ बाबा, तूही नको म्हण.

त्याने नको म्हटलं नाही. पहिला अनारसा दोन घासांत गेला. मग त्याने तळहातावर सांडलेली खसखस चाटून पुसून घेतली, डोळे मिटले आणि मान माझ्या खांद्यावर टाकली. चेन्नईत आठ वर्षांत माझ्या अनारशांना मिळालेली ती पहिली दाद. मला रडू आलं. मी त्याला डबा संपवू दिला. दोनच उरले, तेही अप्पा येताना दिसले म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गिंडीला. अम्मासुद्धा आल्या, घोड्याला एकदा चार शब्द सुनवायचे आहेत म्हणून. दार उघडलं आणि तंबी निघाला. निम्म्यापर्यंत आपला नेहमीसारखा मागे, सगळ्यांना वाट देत. अप्पा खाली बघत होते. मग वळणावर काय झालं कोण जाणे, तो कडेने सरकायला लागला. सहावा, चौथा, दुसरा. अम्मा खुर्चीवर उभ्या राहिल्या. अडुसष्ट वर्षांच्या माझ्या सासूबाई नऊवारीचा काष्टा आवळून, तंजावरच्या मराठीत, जे काय ओरडत होत्या ते मी इथे लिहू शकत नाही; मलाही सगळं कळलं नाही. तंबी मानेच्या फरकाने पहिला आला.

अप्पा हलेचनात. सुंदरममामांनी त्यांना ढकललं. "डेय, पाळी तुझी."

आणि अप्पा गेले. क्रीम रंगाचा शर्ट, खिशाला पेन, हातात दोरी. तंबीने वाटेत घामेजलेलं तोंड त्यांच्या खांद्याला पुसलं आणि शर्टावर गवताचा मोठा हिरवा डाग पडला. अप्पांना कळलंही नाही. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. फोटो निघाला. जिंकलेल्या घोड्याचा नमुना तपासणीसाठी घेतात, तसा तोही घेतला गेला. तिकडे कोण बघतंय. बुधवारी फोटो घरी आला. अप्पांनी कॅलेंडर काढून स्वयंपाकघरात नेलं आणि फोटो खिळ्यावर लावला. खाली टीपॉयवर चांदीच्या मुलाम्याचा कप. पहिले दहा दिवस तो आमच्याकडे राहणार होता, मग पुढच्या घरी. अप्पा येता जाता सोफ्याशी थांबायचे. मला वाटतं तेवढं सुखी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला होता. मॉर्फिन.

संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये सगळे मालक जमले. सुरुवात अम्मांनी केली. "कॉफी पाजलांत की त्याला?" अप्पांनी शपथेवर सांगितलं की थर्मास फक्त दुराईसाठी असतो. सुंदरममामा म्हणाले की मॉर्फिन म्हणजे अफू, कॉफी नव्हे. मग कुणी कुणाचा सर्दीचा मलम काढला, कुणी दुसऱ्या ट्रेनरवर संशय घेतला. तेवढ्यात कळलं की चौकशी होईपर्यंत दुराईला तबेल्यात पाऊल टाकायची मनाई झालीय, आणि दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार. कारण घोडा त्याच्या ताब्यात होता. अप्पा एकदम खाली बसले. कप गेला तर गेला, पण दुराईची नोकरी जाऊ देणार नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आता माझ्यातली इंजिनियर जागी झाली. मी सगळ्यांना शांत केलं. म्हटलं, असे आरोप करून काही होत नाही, याची एक पद्धत असते. कॅलेंडरची फाडलेली पानं जोडून मी त्यावर माशाचा सांगाडा काढला. (आमच्या कामात कारणं शोधायला तशी आकृती काढतात. शाकाहारी घरात ती काढताना अम्मांनी देवघराचा पडदा ओढला.) एकेका काट्यावर लिहीत गेले: चारा, पाणी, औषधं, माणसं. प्रत्येकाला उभं करून विचारलं, तुम्ही शेवटचं कधी भेटलात, हातात काय होतं? अगदी अप्पांनाही सोडलं नाही. चांगला पाऊण तास मी दहा निवृत्त माणसांची उलटतपासणी घेतली आणि खरं सांगते, मला मजा येत होती.

मग फोनवर ट्रेनर आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून श्रीधरने फोन टीपॉयवर ठेवला. ट्रेनर म्हणाला, चारा तपासला, स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणतात प्रमाण अगदी थोडं आहे, हे खाण्यातून आलेलं दिसतंय. कुणी त्याला कसकसा असलेलं काही दिलं होतं का? अफूच्या बोंडातलंच बी ते. एवढ्यानेसुद्धा चाचणीत सापडतं.

सुंदरममामा हसले. घोड्याला कसकशाचा कुर्मा कोण खायला घालणार?

सगळे हसले. अम्मा हसल्या नाहीत. त्या सावकाश माझ्याकडे वळल्या. मी खडूसारखी पांढरी पडले होते म्हणे. इतका वेळ घोडं कुठे पेंड खातंय ते मी शोधत होते, आणि ते माझ्याच हातावर खात होतं.

"किती?" अम्मांनी विचारलं.

"अकरा," मी म्हटलं.

 मी सांगाड्यातल्या 'माणसं' या काट्याच्या टोकाशी, जिथे मूळ कारण लिहायचं असतं तिथे, स्वतःचं नाव लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही.

चौकशीला मी स्वतः गेले. दुराई दाराबाहेर बाकावर बसला होता, हातात टोपी. त्याने मला बघून नमस्कार केला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत लांब टेबल आणि मागे तीन सूट घातलेले गृहस्थ. मी पुरावा म्हणून उरलेले अनारसे नेले होते. अनारसा म्हणजे काय हे इंग्रजीत सांगणं किती कठीण आहे ते त्या दिवशी कळलं. मी तांदूळ भिजवण्यापासून सुरुवात केली. पीठ बिघडलं तर तो तेलात हसतो, इथपर्यंत आले तेव्हा मधल्या गृहस्थांनी पाणी मागवलं. शेवटी त्यांनी विचारलं की एवढी खसखस खरोखर घालतात का, की हे सईसाला वाचवायला रचलंय?

तेव्हा मागून अम्मा उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तमिळमध्ये, हात जोडून, पण ठणकावून त्यांनी साक्ष दिली. "आठ वर्षं मी सांगतेय अय्या, कसकसा कमी घाल. ऐकत नाही. पण खोटं बोलत नाही ती. माझी सून आहे."

आठ वर्षांत माझ्या अनारशांवर त्या पहिल्यांदाच इतकं सविस्तर बोलल्या. दुराई सुटला. ट्रेनरला दंड झाला, तो भरायची वेळ आली तेव्हा अप्पांनी बाकीच्या नऊ जणांना हात लावू दिला नाही. या वेळी अख्खा घोडा आमचा, म्हणाले. तंबीचं नाव निकालातून काढलं गेलं, कप परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत मी हॉलमधला फोटो उतरवला आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर टांगलं. अप्पांना रोज ते बघायला लागू नये, एवढंच मनात होतं. वळले तर ते मागे उभे. मी रडायलाच लागले. त्यांनी कॅलेंडर काढलं, फोटो लावला, मागे सरून सरळ आहे का बघितलं.

"कप त्यांचा होता, त्यांनी नेला," ते म्हणाले. "दोरी मी धरलेली. ती कशी परत नेतील?"

मग सोफ्यावर बसून म्हणाले, "एक अनारसा आण बघू. ज्यासाठी एवढं झालं, तो खाऊन तरी बघतों."

पुरावा म्हणून नेलेल्यांतला एक उरला होता. (एक साहेबांनी तपासायला म्हणून तोंडात टाकला होता.) अप्पांनी शेवटपर्यंत, सावकाश खाल्ला. "बेष आहे," म्हणाले. "कसकसा जरा जास्त."

तंबीला उटीच्या एका रायडिंग स्कूलने घेतलं. "पुन्हा उटी," अम्मा म्हणाल्या. पण पुढच्या मे महिन्यात अप्पा त्यांना घेऊन खरंच गेले, तंबीला बघायला. अम्मांनी स्वेटर घालून त्याला गाजर भरवलं आणि चार शब्द सुनवायचे राहिले होते ते सुनवले.

गेल्या वर्षी अप्पा गेले. हॉलमध्ये लावायला कुठला फोटो मोठा करायचा, असं श्रीधरने विचारलं तर अम्मा म्हणाल्या, लावलेला आहे की. तेव्हा खिळाही तोच आणि फोटोही तोच. क्रीम शर्ट, हिरवा डाग, हातात दोरी. अडचण हाराची आली. घोडा तर अजून उटीला धडधाकट आहे, जिवंत जनावराच्या फोटोला हार कसा घालायचा? अम्मांनी हार एका बाजूला ओढून, टाचणी लावून, फक्त अप्पांवर येईल असा बसवला. तंबीच्या नाकाला एक शेवंती तेवढी लागते.

यंदाच्या दिवाळीत मी अनारसे केले. उत्तम जमले, हसले नाहीत. पहिला अम्मांनी मागून घेतला, फोटोसमोर ठेवायला. मला भरून आलं. मागे जाऊन बघते, तर त्या सोफ्यावर चष्मा लावून बसलेल्या, आणि सुरीच्या टोकाने अनारशावरची खसखस कण न् कण खरवडून काढत होत्या.

"अम्मा, आता कशाला?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "फोटोंत तंबी पण आहे," त्या म्हणाल्या. "तुझा काय भरवसा?"